मुदतीआधी सुटणारे कैदी आणि आपल्या शहरातली धास्ती

जेलरोडकर

मी गेली बावीस वर्षे नाशिकरोडला, जेलरोडवर राहते. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून मध्यवर्ती कारागृहाच्या तटाचा एक तुकडा दिसतो, पण इतक्या वर्षांत त्याची भीती अशी कधी वाटली नाही. उलट भाद्रपदाच्या आधी तिथल्या बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती विक्रीला येतात, तेव्हा आम्ही त्या हौसेने आणतो. तरीही गेल्या रविवारी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत जे झाले, त्यामुळे हा धागा काढावासा वाटला.

आमच्या गल्लीतील एक आजी सकाळी दूध आणायला निघाल्या असताना दुचाकीवरून आलेल्या दोघांनी त्यांच्या गळ्यातील पोत ओढून नेली. आजी पडल्या, मनगट मोडले. बैठकीत साहजिकच हाच विषय निघाला आणि बोलता बोलता सगळ्यांचे असे ठरून गेले की सरकार कैद्यांना शिक्षा पुरी होण्याआधी सोडते, म्हणून हे घडते. तेव्हा २०२७ च्या सिंहस्थाआधी मुदतपूर्व सुटका पूर्णपणे बंद करावी, असे निवेदन आपण द्यावे. सचिव या नात्याने ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा पहिल्याच वाक्यापाशी अडले, कारण मुदतपूर्व सुटका म्हणजे नेमकी कोणाची, किती वर्षांनी आणि कोणाच्या सहीने, हेच मला सांगता येईना. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. राजकीय पक्षांची उणीदुणी इथे नकोत.

कडकशिस्त

ताई, यात अडण्यासारखे काय आहे, ते मला कळले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सर्वांसाठी खुले आहेत. देशात २०२२ मध्ये सुमारे ५८ लाख २५ हजार दखलपात्र गुन्हे नोंदले गेले, २०२३ मध्ये तोच आकडा ६२ लाख ४१ हजारांवर गेला. माझा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना आहे आणि तांब्याची तार तिथून दोनदा गेली आहे, त्यामुळे हे आकडे मला कागदावरचे वाटत नाहीत.

दुसरे म्हणजे, आपल्याच कारागृहाचे उदाहरण आपण विसरलो आहोत. मुंबईत वडाळ्याला २०१२ मध्ये एका तरुण वकील महिलेचा तिच्याच इमारतीच्या पहारेकऱ्याने खून केला, २०१४ मध्ये त्याला जन्मठेप झाली आणि त्याला नाशिकरोडला ठेवण्यात आले. २०१६ मध्ये आई आजारी असल्याचे सांगून तो पॅरोलवर गेला आणि परतला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो काश्मीरमध्ये सापडला, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ जन्मठेपेचा कैदी मोकळा होता. करोनाच्या काळात तर तातडीच्या पॅरोलवर हजारोंनी सोडले, आणि मे २०२२ मध्ये परत या म्हणून सांगितल्यावर त्यांतले अनेक जण आलेच नाहीत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पोलिसांनी भल्याभल्या भाईंकडून कॅमेऱ्यासमोर 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' असे वदवून घेतले, तेव्हा सारे शहर सुखावले, ते उगाच नव्हे. धाक असला की माणूस सरळ चालतो. शिक्षा चौदा वर्षांची असेल तर चौदा वर्षे आत, जन्मठेप असेल तर जन्मभर आत, एवढे साधे वाक्य निवेदनात लिहावे.

फौजदारी बाजू

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वतीने अधूनमधून कारागृहात बंद्यांना भेटायला जातो, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते वाचणाऱ्यांना कळेल.

कडकशिस्त यांनी दिलेल्या दोन्ही उदाहरणांतील वस्तुस्थिती बरोबर आहे, पण त्यांतले एकही मुदतपूर्व सुटकेचे नाही. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा, या दोन्ही तात्पुरत्या रजा आहेत आणि त्या १९५९ च्या नियमांनुसार मिळतात. फर्लोचे दिवस वेळेवर परतल्यास शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. जो परतत नाही त्याच्यावर वेगळा गुन्हा नोंदला जातो आणि पुढच्या रजेचे दार त्याला जवळपास बंद होते. वडाळ्याच्या प्रकरणातला बंदी परतला नाही, त्यानंतर २०१६ मध्येच शासनाने रजेचे नियम बरेच कडक केले. करोनातील तातडीच्या पॅरोललाही अटी होत्या: सात वर्षांहून अधिक शिक्षा असलेल्या बंद्याला तो आधीच्या दोन रजांवरून वेळेवर परतलेला असला तरच विचारात घेतले जाई आणि मोक्का, अमली पदार्थ यांसारख्या कायद्यांखालील बंदी त्यातून वगळलेले होते.

मुदतपूर्व सुटका ही निराळी गोष्ट आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे हा आपल्याकडचा सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच, गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर, जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य असे स्पष्ट केले आहे. शासनाला शिक्षा कमी करण्याचा अधिकार मात्र आहे. तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३२ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७३ मध्ये आहे. १९७८ मध्ये कलम ४३३ अ आणले गेले, जे आता ४७५ आहे. त्यानुसार ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्याशिवाय सोडताच येत नाही. म्हणजे चौदा वर्षे हा उंबरठा आहे. तो ओलांडला की आपोआप कोणी बाहेर येत नाही, फक्त त्याच्या अर्जाचा विचार सुरू होऊ शकतो.

विचार कसा होतो, तेही लिहितो, कारण निवेदनात त्याचा उपयोग होईल. महाराष्ट्रात यासाठी शासनाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांत २००८ ची आणि २०१० ची महत्त्वाची आहेत. गुन्हा रागाच्या भरात झाला की ठरवून, एकट्याने की टोळीने, बळी स्त्री होती की लहान मूल, यावरून बंद्याचा वर्ग ठरतो आणि त्या वर्गाप्रमाणे वर्षे ठरतात. कारागृहात याला 'कॅटेगरी लागणे' म्हणतात, आणि ज्याला अठ्ठावीस वर्षांची कॅटेगरी लागते त्याचा चेहरा मी पाहिलेला आहे. या वर्षांत माफीचे, म्हणजे चांगल्या वर्तनासाठी शिक्षेतून वजा होणारे, दिवस धरले जातात, पण प्रत्यक्ष चौदा वर्षांची अट सुटत नाही. कारागृह अधीक्षक प्रस्ताव तयार करतात, पोलिसांचा आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा अभिप्राय घेतला जातो, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत मागवले जाते आणि मग गृह विभाग निर्णय घेतो. माझ्या एका अशिलाची फाईल पोलिस ठाण्याच्या एका अभिप्रायासाठी इतके महिने पडून होती की तेवढ्यात त्याची आई वारली.

आता आजींच्या पोतीकडे येतो. नव्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याच्या चोरीला स्वतंत्र कलम आहे, ३०४, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आजींना दुखापत झाली असल्याने जबरी चोरीचे कलमही लागू शकेल. पण असे गुन्हे करणारे बहुतांश वेळा शिक्षा झालेले नसतातच. ते जामिनावर असतात, खटला सुरू व्हायचा असतो, पंच सापडत नाहीत, दोन वर्षांनी फिर्यादीला ओळख पटत नाही. देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजार बंदी होते, त्यांतले ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारातले तीन, कच्चे, म्हणजे खटला अजून न संपलेले, कैदी होते. क्षमता होती ४ लाख ३६ हजारांची. या आकड्यांकडे पाहिल्यावर माझ्या मनात येणारा प्रश्न कोण लवकर सुटले हा नसतो, कोणाचा खटला कधी संपणार हा असतो.

कडकशिस्त

वकीलसाहेब, माहितीबद्दल आभार, पण कायद्याच्या पुस्तकातील गाळण्या कितीही बारीक असल्या तरी त्यांतून कोण निसटले, ते देशाने पाहिले आहे. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गोध्र्याच्या तुरुंगातून अकरा जण बाहेर आले आणि त्यांना हार घालण्यात आले. सामूहिक बलात्कार आणि खून करणाऱ्यांना स्वातंत्र्यदिनी सोडणारी व्यवस्था उद्या नाशिकमध्ये तेच करणार नाही, याची हमी कोण देणार? आणि दगडी चाळीचे काय?

फौजदारी बाजू

बिल्किस बानो प्रकरणाचा उल्लेख आपण केलात ते बरे झाले, कारण त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. तो खटला मुंबईत चालला होता. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली, ती मुख्यतः याच मुद्द्यावर की जिथे शिक्षा झाली त्या राज्याच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या, सरकारलाच तो अधिकार होता आणि गुजरातने तो बळकावला. अकराही जणांना त्याच महिन्यात परत तुरुंगात जावे लागले. आपल्या राज्याच्या २००८ च्या धोरणात अशा गुन्ह्यांसाठी अठ्ठावीस वर्षे सांगितलेली आहेत. म्हणजे नियम पाळले असते तर ते सुटलेच नसते. तुमचा राग रास्त आहे, पण तो नियम डावलण्याविरुद्धचा राग आहे आणि तुमचे निवेदन मात्र नियमच काढून टाका असे म्हणते.

दगडी चाळीचे प्रकरण तर आणखी वेगळे आहे. अरुण गवळी यांनी २००६ च्या परिपत्रकाचा आधार घेतला होता, जे पासष्ट वर्षांवरील आणि चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगलेल्या अशक्त बंद्यांसाठी होते. नागपूर खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या बाजूने आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये त्याला स्थगिती दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये ते बाहेर आले ते जामिनावर, अपील प्रलंबित असताना.

एक गोष्ट मात्र मला ताईंच्या निवेदनासाठी फार महत्त्वाची वाटते. हरयाणा विरुद्ध जगदीश या २०१० च्या निकालानुसार बंद्याला त्याच्या शिक्षेच्या दिवशी जे धोरण लागू होते तेच लागू राहते; नंतरचे धोरण अधिक उदार असेल तर त्याचा लाभ मिळू शकतो, पण अधिक कडक धोरण मागे जाऊन लावता येत नाही. म्हणजे शासनाने उद्या सकाळी तुमचे निवेदन शब्दशः मान्य केले, तरी ते आजपासून पुढे जन्मठेप होणाऱ्यांनाच लागू होईल आणि त्याचा पहिला परिणाम दिसायला चौदा वर्षे लागतील. २०२७ चा सिंहस्थ तर सोडाच, त्यानंतरचा सिंहस्थही तोवर होऊन गेलेला असेल.

तिसरा प्रहर

मी कारागृह विभागात शिपाई म्हणून लागलो आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. कोणत्या कारागृहात होतो ते लिहीत नाही. रात्रीचा तिसरा प्रहर हा पहाऱ्याचा सर्वांत अवघड काळ असतो, म्हणून हे नाव घेतले आहे.

बाहेरच्या लोकांना वाटते की माफी म्हणजे सरकारने दाखवलेली दया. आतल्या माणसाला विचाराल तर माफी हे कारागृह चालवण्याचे साधन आहे. शंभर-दीडशे माणसांच्या बराकीवर रात्री दोन-तीन शिपाई असतात. ती माणसे शांत राहतात ती आमच्या काठीमुळे नाही. महिन्याला मिळणारे माफीचे दिवस बुडू नयेत, फर्लो अडू नये, खुल्या कारागृहासाठी नाव जावे, यासाठी ती शांत राहतात. पैठणचे किंवा आटपाडीच्या स्वतंत्रपूरचे खुले कारागृह हे जन्मठेपेच्या बंद्याचे पंढरपूर असते. तिथे भिंत नाही, शेतीकाम आहे आणि पळून जायचे ठरवले तर जाता येते, पण तिथवर पोचायला इतकी वर्षे लागलेली असतात की कोणी सहसा जात नाही. कडकशिस्त म्हणतात तसे सगळेच बंद केले, तर ज्याला गमावण्यासारखे काही उरलेले नाही अशा माणसावर रात्री पहारा कोण देणार, याचाही विचार निवेदनात व्हावा. माझ्या जागी आता जी पोरे लागली आहेत त्यांच्या वतीने हे लिहितो.

दुसरी गोष्ट मला कोणी विचारलेली नाही, तरी सांगतो. पक्का कैदी आम्हाला कधी फारसा जड गेला नाही. एका भांडणात जमिनीच्या बांधावरून हातून खून झालेला, पुढे वीस वर्षे विणकामाच्या विभागात मान खाली घालून काम करणारा माणूस मी पाहिला आहे; सुटल्यावर त्याला रस्ता ओलांडता येईना, मी स्वतः त्याला बसमध्ये बसवून दिले. जड जातो तो एकोणीस-वीस वर्षांचा कच्चा कैदी. मोबाईल चोरीत येतो, तीन-चार महिने राहतो आणि जाताना कोणाचा तरी 'माणूस' होऊन जातो. भाई त्याच्या जामीनदाराची सोय करतो आणि ते कर्ज त्याला बाहेर फेडावे लागते. मी अशी पोरे तीन-तीनदा आत येताना पाहिली, दर वेळी कलम आधीपेक्षा मोठे. त्यांची सुटका मुदतपूर्व नव्हती, कारण त्यांना मुदतच नव्हती.

लीड्सहून

मी मूळचा पंचवटीचा, गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये आहे. इथे हाच वाद २०२४ मध्ये जोरात झाला, म्हणून थोडक्यात लिहितो. तुरुंग इतके भरले की शिक्षेचा निम्मा भाग भोगल्यावर सुटण्याचा जो नियम होता तो चाळीस टक्क्यांवर आणला गेला आणि १० सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी सुमारे सतराशे जण बाहेर आले. लैंगिक गुन्हे आणि चार वर्षे किंवा अधिक शिक्षेचे गंभीर हिंसक गुन्हे वगळलेले होते, तरी त्यांत सदतीस जण चुकून सुटले. तुरुंगाबाहेर शॅम्पेन उडवणाऱ्यांची छायाचित्रे सगळीकडे झळकली आणि सामान्य माणूस संतापला. मात्र इथे सुटलेल्या प्रत्येकावर पर्यवेक्षण अधिकारी असतो, अट मोडली की परत आत घेतात. त्या अधिकाऱ्यांची संख्या अपुरी आहे अशी ओरड इथेही आहे. आपल्याकडे १९५८ पासून परिविक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा, कायदा आहे, पण नाशिकमध्ये राहत असताना मी कधी परिविक्षा अधिकारी हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकल्याचे आठवत नाही.

खडूफळा

सिडकोतील एका शाळेत मी नववीला शिकवते. तिसरा प्रहर काकांनी लिहिलेली पोरे आमच्याकडून जातात, म्हणून चार ओळी. माझ्या वर्गातील एका मुलाच्या मोबाईलवर कोयता घेऊन केलेले रील होते आणि त्याला त्याचा अभिमान होता. त्याचा आदर्श असलेला 'दादा' दोनदा तडीपार झालेला आहे. तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते आणि तेवढ्या काळात दादाची कीर्ती वाढतच जाते. बालेकिल्ल्याची चित्रफीत आली तेव्हा वर्गात मुले ती घोषणा देत होती, पण खेळ म्हणून, एक जण पोलिस आणि एक जण भाई होऊन. भाई व्हायला सगळ्यांना हवे होते. कडकशिस्त दादांचा धाकावरचा विश्वास मला समजतो, तरी या वयात अपमानाची चित्रफीतही प्रसिद्धीच ठरते, असा माझा अनुभव आहे. अठरा वर्षांखालील मुलगा उंटवाडीच्या निरीक्षणगृहात जातो आणि काही दिवसांनी परत येतो, तेव्हा त्याला पुन्हा वर्गात बसवून घ्यायला पालकांचा विरोध होतो. मग तो कुठे बसतो, ते सांगायला नको.

मधली बहीण

मी हा धागा तीन दिवस वाचते आहे. लिहावे की नाही, ठरत नव्हते.

माझ्या थोरल्या भावाचा २००९ मध्ये खून झाला. गाव आपल्याच जिल्ह्यातले आहे, एवढेच सांगते. पाण्याच्या पाळीवरून वाद झाला होता, मारणारा आमच्या भावकीतलाच. खटल्यात मी साक्षीदार होते आणि उलटतपासणीत दीड दिवस उभी होते. त्याला जन्मठेप झाली तेव्हा आई म्हणाली की आता झोप लागेल. मग एके दिवशी, निकालाला चार-पाच वर्षे झाली असतील, वहिनी दळण घेऊन गिरणीत गेली आणि तो तिथे रांगेत उभा होता. डब्याचे झाकण हातात तसेच धरून ती घरी आली, पीठ तिथेच राहिले. तो सुटला, पळून आला की जामिनावर आला, आम्हाला काहीच माहीत नव्हते. त्या रात्री आम्ही सगळे एका खोलीत झोपलो. पोलिस ठाण्यात विचारायला गेल्यावर कळले की तो संचित रजेवर आला आहे, त्याची रोज हजेरी आहे आणि रजा देण्याआधी गावात चौकशीही झाली होती. चौकशीला पोलिस खरेच आले होते. ते त्याच्या घरी गेले, सरपंचांकडे गेले. आमच्या घरी आले नाहीत, आणि आमचे घर त्याच्या घरापासून आठ घरे सोडून आहे.

तो वेळेवर परत गेला. त्यानंतरही आला आणि गेला. त्याने कधी आम्हाला काही केले नाही, हे मला मान्य करायलाच हवे. एकदा तर पारावरून उठून, खाली बघत निघून गेला. वकीलसाहेबांनी जे कागद सांगितले, अधीक्षक, पोलिस, जिल्हा दंडाधिकारी, न्यायालय, ते वाचताना मी शोधत होते की यात आम्ही कुठे आहोत. तिथे आमचे नावच नाही. कडकशिस्त दादा, तुम्ही आमच्या बाजूने बोलता असे वाटते, पण त्याला जन्मभर आत ठेवा असे मी म्हणणार नाही. त्याची मुलगी माझ्या भाचीच्या वर्गात होती आणि तिने काय पाहिले ते मी पाहिले आहे. सोडायचे तर सोडा, पण वहिनीला ते गिरणीत कळू नये.

कडकशिस्त

ताई, तुमचे लिहिलेले वाचून मी माझे आधीचे प्रतिसाद पुन्हा वाचले. माझे मत बदललेले नाही. ठरवून केलेल्या गुन्ह्यात माफी नको असेच मला वाटते. पण 'जन्मभर आत' हे मी ज्या सहजतेने लिहिले ते योग्य नव्हते. आणि माझ्या कारखान्यातील तार ज्याने नेली तो पकडला गेला होता. खटला अजून उभा राहिलेला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

फौजदारी बाजू

मधल्या बहिणीने दाखवलेली जागा खरोखर रिकामी आहे, आणि आम्ही वकील आरोपीच्या बाजूने इतके उभे राहतो की ती आम्हाला दिसत नाही. जे करता येईल ते सांगतो.

कारागृह अधीक्षकांकडे आणि गावच्या पोलिस ठाण्यात, दोन्हीकडे लेखी अर्ज द्यावा. त्यात खटल्याचा क्रमांक, बंद्याचे नाव आणि आपले नाते लिहून, रजा किंवा मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव आल्यास आपले म्हणणे ऐकावे आणि निर्णय लेखी कळवावा, अशी मागणी करावी. पोच घ्यावी. लखीमपूर खीरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे की बळी पडलेल्या व्यक्तीला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर ऐकले जाण्याचा हक्क आहे, आणि बळी या शब्दाच्या व्याख्येत मृताचे वारस येतात. सुटकेच्या प्रस्तावाबाबतही हाच आधार घेऊन अर्जात तो उल्लेख करावा. तुम्ही साक्षीदार होता, त्यामुळे भीती वाटत असल्यास २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखालीही अर्ज करता येतो. त्यासाठीची समिती जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असते आणि ती पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवते. त्याला सुटकेची कॅटेगरी लागली असेल तर २००९ च्या गुन्ह्यातील प्रस्तावाची वेळ आता जवळ आलेली असणार, तेव्हा अर्जाला उशीर करू नये. विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज लिहून मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. वहिनींना सोबत आणावे, पहिली सही त्यांची असावी.

आणखी एक. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले आहे की पात्र बंद्याने अर्ज केला नसला तरी त्याचा विचार करावा, सुटकेच्या अटी मोघम नसाव्यात आणि अट मोडल्याचे कारण देऊन सुटका रद्द करायची असेल तर आधी त्याला नोटीस द्यावी. अटी मोघम नसाव्यात हे बंद्याच्या हिताचे आहेच, पण ठरावीक काळ अमुक गल्लीत जायचे नाही, अशी नेमकी अटही त्यातूनच मागता येते.

जेलरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी पुन्हा बैठक झाली. मी जुन्या मागणीऐवजी नवा मसुदा वाचून दाखवला. त्यात तीन मागण्या आहेत: सोनसाखळी आणि जबरी चोरीच्या आपल्या भागातील प्रलंबित खटल्यांची यादी आणि त्यांची सद्यःस्थिती पोलिसांनी दर महिन्याच्या नागरिक बैठकीत सांगावी, रजेवर किंवा मुदतीआधी सुटणाऱ्या बंद्याची माहिती बळी पडलेल्या कुटुंबाला आधी, लेखी आणि घरी जाऊन द्यावी, आणि जिल्ह्यातील परिविक्षा अधिकाऱ्यांची पदे किती आहेत व किती भरलेली आहेत ते जाहीर करावे. मुदतपूर्व सुटका बंद करा, हे वाक्य मी काढले.

एकतीसपैकी सतरा सदनिकांनी सही केली. उरलेल्यांचे म्हणणे असे पडले की हे निवेदन मिळमिळीत झाले. पोत गेलेल्या आजींनी मात्र डाव्या हाताने सही केली, उजवा अजून प्लास्टरमध्ये आहे. त्यांनी एकच विचारले, की त्या दोघांना पकडले तर मला न्यायालयात किती वेळा जावे लागेल. मला उत्तर देता आले नाही. फौजदारी बाजू, तुम्ही त्यांना फोनवर सांगू शकाल का? मी व्यक्तिगत निरोपातून क्रमांक पाठवते.

मधली बहीण

वहिनी तयार झाली आहे. सोमवारी आम्ही दोघी सीबीएसला उतरून न्यायालयात जातो आहोत, तिथून नाशिकरोडला कारागृहात. अर्जाच्या तीन प्रती पुरतील का?

फौजदारी बाजू

चार करा. एक पोलिस ठाण्यासाठी, एक अधीक्षकांसाठी, एक प्राधिकरणासाठी आणि पोच घेतलेली एक स्वतःजवळ. अकरा वाजता मी प्राधिकरणाच्या कार्यालयापाशी असेन. निकालपत्राची प्रत घरात असेल तर ती न विसरता आणा.